१९३७ची मुंबई विधानसभा: जिल्ह्याजिल्ह्यांचा कौल

मुंबई इलाख्याच्या विधानसभेसाठी १९३७च्या फेब्रुवारीत मतदान झाले आणि १७५ जागांपैकी ८६ जागा काँग्रेसच्या पदरात पडल्या. बहुमताला ८८ जागा लागत होत्या. इतिहासाच्या पुस्तकांतून या निवडणुकीची नोंद बहुधा एवढ्यावरच आटोपते: काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, दोन जागा कमी पडल्या आणि पुढे काही अपक्षांच्या साहाय्याने बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ स्थापन झाले. परंतु ८६ ही बेरीज ज्या जिल्ह्यांतून जमली ते जिल्हे भाषेने, जमीनधारणेने आणि राजकीय अनुभवाने इतके भिन्न होते की, बेरजेकडे पाहून कौलाचा अर्थ लागत नाही. तो जिल्हावार वाचावा लागतो, आणि तसा वाचण्यापूर्वी मतदार कोण होता व जागा कशा वाटल्या होत्या हेही पाहावे लागते.

सिंध १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा झाल्यानंतर मुंबई इलाख्यात तीन भाषिक पट्टे उरले. अहमदाबाद, खेडा, पंचमहाल, भडोच आणि सुरत हे गुजराती जिल्हे. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, नाशिक, पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश, अहमदनगर, पुणे, सोलापूर आणि सातारा हे मराठी जिल्हे. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे कर्नाटकातील जिल्हे, आणि या सर्वांहून निराळे असे मुंबई शहर व उपनगर. मराठी बोलणारे सारेच लोक या निवडणुकीत मतदार होते असे मात्र नाही. विदर्भातील मराठी मतदारांनी त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेसाठी मतदान केले, तेथे ११२ पैकी ७० जागा जिंकून काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले आणि डॉ. ना. भा. खरे मुख्य मंत्री झाले. मराठवाडा निजामाच्या राज्यात, कोल्हापूर-सांगली संस्थानांत आणि गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्यामुळे तेथील मराठी माणसाला या निवडणुकीत मतच नव्हते.

निवडणुकीचा पाया १९३५चा हिंदुस्थान सरकारचा कायदा हा होता. त्याआधीच्या १९१९च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली होती. म्हणजे शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवली जात आणि महसूल, पोलीस, अर्थ ही सत्तेची खरी नाडी असलेली खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहत. १९३५च्या कायद्याने ही विभागणी काढून टाकली आणि सर्व खाती विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांच्या हाती दिली. त्याला प्रांतिक स्वायत्तता असे नाव मिळाले. तथापि अल्पसंख्याकांचे संरक्षण, शांतता व सुव्यवस्था अशा बाबतींत गव्हर्नरला मंत्र्यांचा सल्ला डावलण्याचे खास अधिकार ठेवण्यात आले होते, आणि निवडणुकीनंतर चार महिने जो पेच पडला तो याच अधिकारांवरून.

मताचा हक्क प्रौढ माणसाला माणूस म्हणून नव्हता. तो मालमत्तेशी, कराशी आणि शिक्षणाशी बांधलेला होता. १९१९च्या व्यवस्थेत मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात साधारणतः ३२ रुपये शेतसाऱ्याच्या जमिनीचा धारक मतदार होत असे. रत्नागिरी आणि पंचमहाल या गरीब जिल्ह्यांत ही मर्यादा १६ रुपये होती. नव्या कायद्याने ती ८ रुपयांपर्यंत खाली आणली, शिवाय शहरांत घरभाडे व प्राप्तिकर, आणि मॅट्रिकसारखी परीक्षा उत्तीर्ण असणे हेही निकष ठेवले. स्त्रियांना साक्षरतेच्या किंवा मतदार पतीच्या मालमत्तेच्या आधारे मत मिळू शकले. परिणामी संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात मतदारांची संख्या सुमारे ३ कोटींवर गेली. ज्याच्याकडे पाचदहा एकर जिरायत जमीन आहे असा शेतकरी प्रथमच मतपेटीपर्यंत पोहोचला. भूमिहीन शेतमजूर व लहान कूळ मात्र बहुतांशी बाहेरच राहिले.

अस्पृश्य समाजाकडे जमीन नसल्यामुळे या निकषांवर त्यांचे मतदार फारच थोडे झाले असते, म्हणून मुंबईसाठी त्यांना दोन सवलतींचे मार्ग ठेवण्यात आले: नुसती साक्षरता, किंवा कनिष्ठ गावकामगाराचे काम. कनिष्ठ गावकामगार म्हणजे मुख्यतः वतनदार महार, ज्याने गावची वेस राखायची, चावडीवर रयतेला बोलावून आणायचे, सरकारी सारा तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोहोचवायचा आणि फिरतीवर आलेल्या अंमलदाराची सरबराई करायची. हे वतन म्हणजे थोड्याशा इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबवून घेणारी वेठ आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे म्हणणे होते आणि ती मोडण्यासाठी त्यांनी १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयकही आणले होते. ज्या चाकरीतून समाजाला सोडवायचे त्याच चाकरीच्या दाखल्यावर १९३७मध्ये अनेक महार मतदारांची नावे यादीत आली, आणि त्यांनी आपले मत ती चाकरी नष्ट करू पाहणाऱ्या पक्षाला दिले. या निवडणुकीतील सर्वांत अर्थपूर्ण घटनांपैकी ही एक आहे.

जागांची वाटणी तितकीच गुंतागुंतीची होती. १७५ पैकी ११४ जागा सर्वसाधारण होत्या, आणि त्यांतल्या १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मराठा समाजासाठी राखीव होत्या. मुसलमानांना २९ जागा विभक्त मतदारसंघांतून, म्हणजे ज्यांत उमेदवार व मतदार दोन्ही मुसलमानच अशा मतदारसंघांतून, दिल्या होत्या. याखेरीज युरोपियनांना ३, अँग्लो-इंडियनांना २, हिंदी ख्रिश्चनांना ३, व्यापार व उद्योगधंद्यांना ७, कामगारांना ७, जमीनदारांना २, विद्यापीठाला १, मागासलेल्या जमातींना १ आणि स्त्रियांना ६ (त्यांतली एक मुसलमान स्त्रीसाठी) अशा जागा होत्या. बहुमताचा प्रश्न या आकड्यांत आधीच सुटलेला किंवा अडकलेला दिसतो. एखाद्या पक्षाला केवळ सर्वसाधारण जागांच्या बळावर ८८चा आकडा गाठायचा असेल तर ११४ पैकी ७७ टक्के जागा जिंकाव्या लागत. राखीव जागा वजा केल्यास उरलेल्या ९२ जागांपैकी जवळजवळ सर्वच. काँग्रेस दोन जागांनी कमी पडली, यात तिच्या दुबळेपणापेक्षा या रचनेचा वाटा मोठा आहे. कुठल्याही एका पक्षाला सहजासहजी बहुमत मिळू नये अशीच ती रचना होती.

राखीव जागांची पद्धत २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारातून आलेली होती. ब्रिटिश पंतप्रधानांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दिलेले विभक्त मतदारसंघ या कराराने गेले आणि त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. आधी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत आपल्यातील चार उमेदवार निवडायचे, आणि नंतर त्या चौघांतून एकाची निवड सवर्ण व अस्पृश्य अशा सर्व मतदारांनी मिळून करायची, अशी ही दुहेरी चाळणी होती. अंतिम मतदानात अस्पृश्य मतदार सर्वत्र अल्पसंख्य असल्यामुळे त्यांचा खरा प्रतिनिधी पडण्याचा आणि सवर्णांना सोयीचा उमेदवार निवडून येण्याचा धोका त्यात उघड होता.

मुंबई इलाख्यात हा धोका काही अंशी कमी केला तो मतदानाच्या पद्धतीने. येथील बहुतेक राखीव जागा दोन, तीन किंवा अधिक प्रतिनिधी निवडणाऱ्या मोठ्या मतदारसंघांत होत्या, आणि तेथे संचयी मतदानाची मुभा होती. मतदारसंघातून तीन प्रतिनिधी निवडायचे असतील तर प्रत्येक मतदाराला तीन मते मिळत. ती तिघांना एकेक वाटता येत, किंवा तिन्ही एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. सवर्ण मतदाराला आपल्या पक्षाचे तिन्ही उमेदवार निवडून आणायचे असल्याने त्याची मते विभागली जात, तर ज्याला एकच माणूस निवडून आणायचा आहे असा संघटित अल्पसंख्य समाज आपली सर्व मते एकवटून तिप्पट जोर लावू शके. या तरतुदीचा उपयोग करायचा तर मतदाराला ती समजावून सांगणारे कार्यकर्ते वाड्यावस्त्यांवर हवेत. ते आंबेडकरांच्या चळवळीने महाड व नाशिकच्या सत्याग्रहांत घडवले होते.

मुंबई शहरातील भायखळा-परळ मतदारसंघात याची कसोटी लागली. गिरण्या आणि चाळींच्या या भागातील राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक म्हणून स्वतः आंबेडकर उभे होते. पक्ष ऑगस्ट १९३६मध्ये स्थापन झालेला, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांचा. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू हे चांभार समाजातील, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेले थोर डावखुरे फिरकी गोलंदाज, पुणे करारावर सही करणारे आणि साऱ्या शहरात आदराने ओळखले जाणारे नाव होते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. केवळ २,०२० मतांचे हे अंतर पाहिले म्हणजे काँग्रेसने उमेदवार किती विचारपूर्वक निवडला होता आणि संयुक्त मतदारसंघात आंबेडकरांसारख्या नेत्याचीही जागा किती अनिश्चित होती, याची कल्पना येते.

शहराबाहेर स्वतंत्र मजूर पक्षाचे यश त्याहून ठळक होते. पक्षाने एकूण १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले १४ निवडून आले. राखीव १३ जागा लढवून ११ आणि सर्वसाधारण ४ जागा लढवून ३. नाशिकमधून भाऊराव गायकवाड आले, ज्यांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालवला होता. अहमदनगरमधून प्रभाकर रोहम, पूर्व खानदेशातून दौलतराव जाधव, पुणे जिल्ह्यातून राजाराम भोळे आणि बेळगावहून बळवंतराव वराळे निवडून आले. महार समाजाची दाट वस्ती आणि आधीच्या दशकातील परिषदांचे, वसतिगृहांचे व सत्याग्रहांचे जाळे जेथे होते तेथे पक्ष जिंकला. गुजरातेत यांपैकी काहीच नसल्याने तेथे त्याला पाय रोवता आला नाही.

सर्वसाधारण जागा मिळाल्या त्या मुख्यतः कोकणात, आणि त्याचे कारण जातीपेक्षा जमिनीत शोधावे लागते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती चालत असे. खोत हा सरकार आणि कसणारा शेतकरी यांच्यामधला वंशपरंपरागत मध्यस्थ. तो गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून त्याहून कितीतरी अधिक धान्य व वेठ वसूल करी. त्याच्या जाचाखाली कुणबी, आगरी आणि महार तिघेही सारखेच पिचलेले होते. स्वतंत्र मजूर पक्षाने खोती नष्ट करण्याचे वचन आपल्या कार्यक्रमात घातले, आणि अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर हे स्पृश्य समाजातील कार्यकर्ते या पक्षाच्या तिकिटावर विधानसभेत गेले. अस्पृश्यांच्या नेत्याने काढलेल्या पक्षाला कुणब्यांनी मत द्यावे ही १९३७ सालातील साधी गोष्ट नव्हती. त्या काळच्या कोकणात वाडीवाडीतील पाणवठे वेगळे होते हे लक्षात घेतले म्हणजे या कौलाचे वजन कळते.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर चित्र पालटते. देशावरील जिल्ह्यांत १९२०च्या दशकात ब्राह्मणेतर पक्षाचा जोर होता. भास्करराव जाधवांसारखे त्याचे नेते द्विदल राज्यपद्धतीत मंत्री झाले होते आणि काँग्रेस म्हणजे पुण्याच्या वकिलांचा पक्ष अशी बहुजन समाजाची समजूत होती. १९३०च्या सविनय कायदेभंगानंतर ही समजूत बदलत गेली. केशवराव जेधे यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील तरुणांना काँग्रेसमध्ये आणले, आणि शाहू छत्रपतींचे चरित्रकार व कोल्हापूरचे माजी दिवाण अण्णासाहेब लठ्ठे हेही काँग्रेसच्या बाजूने विधानसभेत आले व पुढे अर्थमंत्री झाले. त्यात डिसेंबर १९३६मध्ये, मतदानाला दोन महिनेही उरले नसताना, पूर्व खानदेशातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होते आणि त्याने शेतसारा, खंड व कर्ज यांसंबंधीचा कार्यक्रम मांडला. नव्याने मतदार झालेल्या ८ रुपये साऱ्याच्या शेतकऱ्याला यापेक्षा नेमका प्रचार दुसरा कोणता हवा होता?

सातारा जिल्ह्यात जुन्या आणि नव्याची झुंज समोरासमोर झाली. लोखंडी नांगरांचे कारखानदार सर धनजीशा कूपर हे पारशी गृहस्थ या जिल्ह्याच्या राजकारणातील बडे प्रस्थ होते. त्यांच्यामागे लोकल बोर्डाच्या राजकारणातून जमलेले पाटील-देशमुखांचे पाठबळ होते. काँग्रेसमधील तरुणांनी याच्या उलट बाजूने जोर लावला आणि शेतकरी घरातील आत्माराम पाटील यांना तिकीट मिळावे असा आग्रह धरला. त्या तरुणांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकणारे यशवंतराव चव्हाण होते. पाटील निवडून आले. कूपरांचाही प्रभाव पुरता ओसरला नाही. साताऱ्याने दिलेला हा संमिश्र कौल मराठी जिल्ह्यांच्या एकूण कौलाचा नमुनाच म्हणावा लागेल: काँग्रेस पुढे, पण ब्राह्मणेतर, स्वतंत्र मजूर, अपक्ष आणि केळकर-जमनादास मेहता यांचा लोकशाही स्वराज्य पक्ष यांच्यात जागा विखुरलेल्या.

गुजरातविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तेथील सर्वसाधारण जागांवर चुरस अशी झालीच नाही. खेडा आणि बारडोलीच्या साराबंदीच्या लढ्यांनी पाटीदार शेतकरी काँग्रेसशी बांधला गेला होता, वल्लभभाई पटेलांची संघटना गावोगाव होती, आणि सत्याग्रहात सरकारने जप्त करून विकलेल्या जमिनी परत मिळवून देण्याचे काँग्रेसचे आश्वासन शेतकऱ्याच्या थेट जिव्हाळ्याचे होते. हे आश्वासन १९३८मध्ये कायदा करून पाळले गेले. कारवार जिल्ह्यातील अंकोला-सिद्दापूर भागानेही साराबंदीत अशाच जमिनी गमावल्या होत्या, आणि कर्नाटकातील एकूण जिल्ह्यांत काँग्रेसचा जोर मराठी जिल्ह्यांपेक्षा अधिक एकसंध राहिला. सुरतेहून मोरारजी देसाई आणि अहमदाबादहून ग. वा. मावळंकर आले, मावळंकर या विधानसभेचे सभापती झाले. अहमदाबादच्या कापड कामगारांच्या राखीव जागेवरून गुलझारीलाल नंदा निवडून आले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या मजूर महाजन संघाची ती ताकद होती, तर मुंबईचा गिरणी कामगार लाल बावटा, काँग्रेस आणि आंबेडकर यांच्यात वाटला गेला होता.

मुसलमानांच्या विभक्त मतदारसंघांत काँग्रेसला जवळजवळ स्थानच नव्हते. मुस्लिम लीगने यांतील बऱ्याचशा जागा जिंकल्या आणि उरलेल्या अपक्षांना मिळाल्या. पंजाबसारख्या मुस्लिम बहुसंख्य प्रांतात लीगचा त्या वर्षी धुव्वा उडाला असता, मुंबईत मात्र तिला बऱ्यापैकी यश आले.

निकालानंतर गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून खेरांना पाचारण केले. मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष खुर्शेद नरिमन यांना डावलून खेरांची निवड झाल्याने पक्षात मोठा वाद माजला होता, पण त्याहून मोठा प्रश्न गव्हर्नरच्या खास अधिकारांचा होता. ते वापरणार नाही अशी हमी काँग्रेसने मागितली, ती मिळाली नाही, आणि खेरांनी नकार दिला. १ एप्रिल १९३७ रोजी कूपरांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ आले. त्याला विधानसभेपुढे जाण्याची वेळच आली नाही, तरी रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांची १० मे रोजी बिनशर्त सुटका या मंत्रिमंडळाच्या काळात झाली, आणि त्यात अर्थमंत्री जमनादास मेहतांचा पुढाकार होता. जून महिन्यात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या निवेदनाने पेच सैल झाला, जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारग्रहणास संमती दिली आणि १९ जुलै रोजी खेर मंत्रिमंडळाचा कारभार सुरू झाला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि कोकणच्या मतदारांना दिलेले वचन सभागृहाच्या पटलावर ठेवले. जानेवारी १९३८मध्ये कोकणातील व अन्य भागांतील हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या विधिमंडळावर चालून आले, परंतु काँग्रेस पक्षाने हे विधेयक पुढे नेले नाही. नोव्हेंबर १९३९मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरकडे गेला. पुढची निवडणूक थेट १९४६मध्ये झाली. त्याच कायद्याखालच्या आणि त्याच राखीव जागांच्या त्या निवडणुकीत काँग्रेसने १२५ जागा मिळवल्या, मुसलमानांच्या सर्व जागा लीगकडे गेल्या, आणि आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई इलाख्यात एकही जागा मिळाली नाही. खोती रद्द करणारा कायदा मुंबई सरकारने १९४९मध्ये केला, तेव्हा मंत्रिमंडळाचे प्रमुख पुन्हा बाळासाहेब खेरच होते.